गिअर टाकताना ‘खर्र’ आवाज येतो? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे सगळं तपासा

दुसरा गिअर टाकताना खालून ‘खर्र’ असा आवाज आला की गाडी चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गॅरेजमध्ये गेलं की ऐकायला मिळतं, “गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” कधी कधी ते खरंही असतं. पण पायाखालची जाड मॅट, ताणलेली क्लच वायर, क्लचच्या लाइनमध्ये शिरलेली हवा किंवा चुकीचं गिअर ऑइल, यांपैकी कशानेही हुबेहूब तोच आवाज येतो. यातली पहिली गोष्ट फुकटात सुटते, बाकीच्या थोडक्या पैशांत. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: दोष क्लचचा की गिअरबॉक्सच्या आतला, हे ठरल्याशिवाय कुणालाही गिअरबॉक्सला पाना लावू देऊ नका. हे ठरवायला अर्धा तास पुरतो आणि खास हत्यारंही लागत नाहीत.

इथे मुख्यतः अल्टो, वॅगन-आरसारख्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या मॅन्युअल गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. मोठ्या गाड्यांनाही तत्त्व तेच लागू होतं.

आवाज नेमका कशाचा असतो

पुढे जाण्याचे सगळे गिअर गिअरबॉक्समध्ये कायम एकमेकांत अडकलेलेच फिरत असतात. आपण लिव्हर हलवतो तेव्हा सरकते ती स्लीव्ह, म्हणजे एक दातेरी कडी. ती हव्या त्या गिअरला शाफ्टशी जोडते. जोडणी बिनआवाज व्हायची तर स्लीव्ह आणि गिअर एकाच वेगाने फिरायला हवेत. वेग जुळवण्याचं काम पितळेची एक पातळ रिंग करते. तिला मेकॅनिक लोक ‘सिंक्रो रिंग’ किंवा नुसतं ‘सिंक्रो’ म्हणतात. ती गिअरच्या निमुळत्या भागावर घट्ट बसते, घासून त्याचा वेग जुळवते आणि तोवर स्लीव्हला पुढे जाऊ देत नाही. वेग जुळण्याआधीच स्लीव्ह पुढे घुसली, की तिचे दात गिअरच्या बाजूच्या छोट्या दातांवर आपटत जातात. तोच आपला ‘खर्र’. ही सोय १९२८ साली कॅडिलॅकच्या गाड्यांत पहिल्यांदा आली. त्याआधी वेग जुळवणं हे चालकाच्या पायाचं आणि कानाचं काम होतं.

आता क्लच दाबूनही पूर्ण सुटत नसेल, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडणी पूर्ण तुटत नसेल, तर इंजिन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला, म्हणजे इंजिनाकडून फिरणाऱ्या शाफ्टला, फिरवतच राहणार. एवढीशी पितळी रिंग इंजिनाशी झुंजू शकत नाही, त्यामुळे रिंग चांगली असूनही गिअर घासतो. याउलट क्लच नीट सुटतोय पण रिंगच गुळगुळीत झालीय, तरीही गिअर घासतो. आवाज सारखाच, पण पहिल्या दोषाला वायरचा नट पिळून भागतं आणि दुसऱ्याला गिअरबॉक्स उघडावा लागतो.

दुसऱ्या गिअरचीच तक्रार जास्त का, याचं उत्तर आकड्यांत आहे. छोट्या गाड्यांत पहिल्या गिअरचं गुणोत्तर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेरीला इनपुट शाफ्टच्या किती फेऱ्या, साडेतीनच्या आसपास आणि दुसऱ्याचं दोनच्या जरा खाली असतं. इंजिन मिनिटाला ३,५०० फेऱ्यांवर असताना पहिल्यातून दुसरा टाकला, तर रिंगला इनपुट शाफ्टचा वेग सुमारे १,९०० फेऱ्यांपर्यंत क्षणात खाली आणावा लागतो. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हाच फरक हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. त्यात शहराच्या ट्रॅफिकमध्ये दिवसभर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा चालूच. दुसऱ्याची रिंग आधी झिजते ती यामुळे.

पहिली पायरी: गाडी जागेवर ठेवून चार तपासण्या

गाडी सपाट जागी लावा, पुढे-मागे मोकळी जागा असू द्या, हँडब्रेक ओढा. थोडी चालवून इंजिन गरम झालेलं असेल तर उत्तम.

आधी इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. एखादा गिअर अगदी तोंडाशी अडला तर क्लच सोडून पुन्हा दाबा, दात समोरासमोर आलेले असतात. सगळे गिअर सहज पडले तर लिव्हर, केबल आणि आतले फोर्क, म्हणजे स्लीव्ह सरकवणारे काटे, बहुधा ठीक आहेत. बंद इंजिनवरही लिव्हर जड जात असेल, अडकत असेल किंवा गिअरची जागाच सापडत नसेल, तर आधी लिंकेजकडे, म्हणजे लिव्हर आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागांकडे, बघायचं.

मग इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये ठेवा. क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि हळूच रिव्हर्स टाका. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे ही तपासणी फार प्रामाणिक उत्तर देते. क्लच खरोखर सुटला असेल तर पाच सेकंदांत आतला शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स गुपचूप पडतो. पाच सेकंद थांबूनही घासला, तर क्लच पूर्ण सुटत नाही हे जवळपास नक्की. थांबल्यावर पडतो आणि घाईत टाकला तरच घासतो, तर त्यात दोष काहीच नाही, रिव्हर्सला तेवढा वेळ द्यायचाच असतो. आधी पुढचा एखादा गिअर अर्धवट लावून मग रिव्हर्स टाकला तरी शाफ्ट थांबतो. ही युक्ती रोजच्या वापरातही कामाची आहे.

तिसरी तपासणी हँडब्रेक ओढलेला असतानाच करायची, आणि गाडीसमोर कुणी उभं नसताना. पहिला गिअर टाका, क्लच तळापर्यंत दाबून ठेवा आणि इंजिन हळूहळू २,५०० फेऱ्यांपर्यंत न्या. गाडी पुढे सरकायला बघत असेल, नाक किंचित उचलत असेल, तर क्लच धरून ठेवतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाही.

चौथी तपासणी हायड्रॉलिक, म्हणजे वायरऐवजी फ्लुइडच्या दाबावर चालणारा क्लच असलेल्या गाड्यांसाठी. पेडल पटापट दोन-तीन वेळा दाबून लगेच गिअर टाका. एरवी घासणारा गिअर आता गप्प पडला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचे रबर गेलेत.

या चारही तपासण्यांतून क्लच निर्दोष निघाला, सगळे गिअर ठीक आणि चालत्या गाडीत एकच गिअर घासतोय, तर संशय त्या गिअरच्या सिंक्रोवर जातो. सगळेच गिअर थोडे थोडे घासत असतील तर आधी क्लच, मग ऑइल.

आवाजाची वेळही लक्षात ठेवा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना येणारी घरघर क्लच दाबल्यावर थांबते, ती इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची. क्लच दाबल्यावरच सुरू होते, ती रिलीज बेअरिंगची, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगची. गिअर बदलतानाच्या ‘खर्र’शी या दोन्ही घरघरींची गल्लत करू नका, मेकॅनिकलाही तसं वेगळं करून सांगा.

दुसरी पायरी: पायाखाली बघा

हसू नका, पण सगळ्यात आधी मॅट काढा. कंपनीच्या मॅटवर जाड ७डी मॅट, त्यावर पावसाळ्यात रबरी मॅट, असे थर साचत जातात आणि क्लच पेडलच्या तळाचा एक-दोन सेंटिमीटर प्रवास खातात. क्लच सुटतो तो नेमका त्या शेवटच्या टप्प्यात. सगळ्या मॅट काढून गाडी फिरवून आणा. आवाज गेला तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि पेडलखालची मॅट कापून घ्या. सीट फार मागे असल्याने पाय पुरेसा न पोचणं हेही कारण मी पुष्कळदा पाहिलंय, विशेषतः एकच गाडी घरातले तिघे चालवतात तिथे.

मग वायर. अल्टोसारख्या गाड्यांत क्लच केबलवर चालतो. पेडल बोटाने हलकेच दाबून बघा: सुरुवातीला थोडा मोकळा प्रवास असतो आणि मग वजन लागतं. मोकळा प्रवास साधारण दीड-दोन सेंटिमीटर चालतो, पण नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. त्याहून खूप जास्त असेल तर वायर ताणली गेलीय. बोनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या क्लचच्या आर्मपाशी जा. तिथे वायरच्या टोकाला आटे आणि अ‍ॅडजस्टिंग नट दिसेल. तो अर्धा-अर्धा फेरा पिळायचा आणि दर वेळी पेडलपाशी येऊन मोजायचं. जास्त पिळाल तर मोकळा प्रवास संपेल, क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहील आणि क्लच प्लेट जळेल.

नट पिळण्याआधी वायर नीट निरखा. टॉर्च धरून दोन्ही टोकांपाशी बघा. पोलादी धाग्यांपैकी दोन-चार तुटून सुईसारखे बाहेर आले असतील, तर ती वायर अ‍ॅडजस्ट करत बसू नका, बदला. अशी वायर वरंधा किंवा कुंभार्ली घाटात मध्येच तुटली तर गाडी रस्त्याच्या कडेला घेणंही कठीण होतं. नवी वायर घेताना खोका, सील आणि पार्ट नंबर तपासून घ्या. पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारात अस्सल माल मिळतो, तशी हुबेहूब नक्कलही मिळते.

हायड्रॉलिक क्लच असेल तर

इथे वायरच्या जागी फ्लुइड असतं. वरचा मास्टर सिलिंडर दाब देतो आणि गिअरबॉक्सपाशी असलेला स्लेव्ह सिलिंडर आर्म ढकलतो. आधी फ्लुइडची डबी बघा. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते, म्हणून पातळी खाली गेली असेल तर ब्रेकची गळतीही तपासा. ते टाळू नका. पेडलच्या दांडीपाशी, कार्पेटच्या वर ओल आहे का ते हाताने चाचपा. स्लेव्हच्या रबरी टोपीची कड उचलून बघा. ओल दिसली तर त्या सिलिंडरचं किट किंवा अख्खा सिलिंडर बदलावा लागेल. नुसतं फ्लुइड भरत राहिलात तर गिअर पुन्हा घासणारच.

गळती नसेल आणि पेडल स्पंजासारखं लागत असेल, तर हवा काढायची. याला दोन माणसं लागतात. स्लेव्हच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक थोडं फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवा. आतल्या माणसाने पेडल सावकाश दाबून तळाला धरायचं. तुम्ही निपल पाव फेरा सैल करायचं, फ्लुइड आणि बुडबुडे बाहेर येतील, मग निपल घट्ट करायचं, आणि त्यानंतरच आतल्याने पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर हवा उलट आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हे करत राहा, आणि दर चार-पाच वेळांनी डबीत फ्लुइड भरा. डबी तळाला गेली तर सगळं पहिल्यापासून. फ्लुइड डॉट-३ की डॉट-४ हे झाकणावर छापलेलं असतं. ते रंग खातं, म्हणून सांडलं की लगेच पाण्याने धुवा. शिवाय ते हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे वर्षभर उघडलेली अर्धी बाटली वापरू नका. कोकणातल्या दमट हवेत तर नाहीच नाही.

लिव्हर, लिंकेज, माउंटिंग

लिव्हर डुलत असेल तर त्याच्या तळाचे किंवा केबलच्या टोकाचे प्लॅस्टिकचे बुश झिजलेत. त्यामुळे गिअर अर्धवट लागतो आणि घासतो. बुश स्वस्त असतात आणि तासाभरात बसतात. इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे त्याला धरून ठेवणारा रबरी आधार, फाटलं असेल तर रेस दिल्या-सोडल्यावर लिव्हर पुढे-मागे हलतो. बोनेट उघडं ठेवून, कुणाला तरी क्लच किंचित सोडायला लावून इंजिन किती उसळतं ते बघा.

तिसरी पायरी: गिअर ऑइल

गिअर ऑइलकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. इंजिन ऑइल लोक न चुकता बदलतात, पण गिअर ऑइल गाडी विकेपर्यंत तेच असतं. आणि बदललंच तर गॅरेजच्या पिंपातलं जे असेल ते.

तिथेच घोटाळा होतो. गिअर ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी बघायच्या: जाडी, उदाहरणार्थ ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०, आणि दर्जा, म्हणजे जीएल-४ किंवा जीएल-५. मोठा आकडा म्हणजे चांगलं ऑइल, हा समज काढून टाका. जीएल-५ मुख्यतः मागच्या डिफरन्शिअलच्या, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या, प्रचंड दाबासाठी असतं. त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. काही जुन्या प्रकारांत ती पितळ खातात, आणि एरवीही दातांवर एवढा निसरडा थर धरतात की सिंक्रो रिंगची पकडच बसत नाही. रिंगचं काम घासून वेग जुळवण्याचं आहे, ती निसरली तर गिअर घासणार. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च घाला. होंडासारख्या काही कंपन्या स्वतःचं वेगळं ऑइल सांगतात, तिथे तेच. जाडी जास्त झाली तर थंडीच्या सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर जड पडतो आणि घासतो, मग सुधारतो. हे लक्षण तुमच्या गाडीत असेल तर ऑइलवरच बोट ठेवा.

बदलायची रीत अशी. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून ऑइल कोमट करा. गाडी उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नका. चाकांना ओट, म्हणजे अडसर, लावा. गाडी चारही बाजूंनी सपाट उभी राहिली पाहिजे, नाहीतर पातळी चुकते. आता सगळ्यात महत्त्वाचं: आधी वरचा, ऑइल भरण्याचा प्लग सैल होतो का बघा. खालचा आधी उघडला, ऑइल वाहून गेलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवर अडकली. वरचा सुटला की मगच खालचा उघडा आणि ऑइल मोठ्या भांड्यात घ्या.

खालचा प्लग हातात आला की घाई करू नका. पुष्कळ प्लगना आतून चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा काजळासारखा मऊ लेप बसलेला असेल, बोटांत चोळल्यावर टोचत नसेल, तर ती रोजची झीज आहे, पुसून टाका. टोचणारे पोलादी कण किंवा दाताचा तुकडा निघाला, तर आत काहीतरी तुटलंय आणि गाडी आणखी चालवू नये. आता निघालेल्या ऑइलवर टॉर्च तिरकी धरा. ऑइलात सोनेरी चकाकणारी धूळ तरंगताना दिसली तर ते पितळ आहे, म्हणजे सिंक्रो रिंग झिजतेय. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ऑइल बघितल्याशिवाय ते कळत नाही. एवढ्यासाठीच ऑइल स्वतःच्या डोळ्यांसमोर काढून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

ऑइल दुधाळ, करडट-पांढरं निघालं तर आत पाणी गेलंय. २०२१च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली राहिल्या. अशा गाडीत गिअरबॉक्सच्या हवा जाण्याच्या छोट्या वाटेने पाणी आत शिरतं. पुरात उभी राहिलेली गाडी नुसतं इंजिन ऑइल बदलून चालू करू नका, गिअर ऑइलही काढा. एकदा नवं भरून थोडं चालवून पुन्हा बदला, म्हणजे उरलेलं पाणीही निघेल.

खालचा प्लग नवा वॉशर लावून घट्ट करा आणि वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल भरा. कडेवरून ओघळायला लागलं की पातळी झाली. छोट्या गाडीत दोन लिटरच्या आसपास मावतं, नेमकं माप मॅन्युअलमध्ये. जुनं ऑइल गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका, गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या. आणि “हे टाका, आवाज बंद होईल” म्हणून मिळणाऱ्या छोट्या बाटल्यांच्या नादी लागू नका. रिंगचं झिजलेलं पितळ कुठलंच औषध परत आणत नाही.

नव्या ऑइलवर दोन-तीनशे किलोमीटर चालवा. दोष ऑइलचाच असेल तर एवढ्यात फरक कळतो.

गिअरबॉक्स उतरवायचाच झाला तर

क्लचची वायर किंवा हायड्रॉलिक ठीक करूनही क्लच सुटत नसेल, तर दोष आत आहे: वाकडी झालेली प्लेट, प्रेशर प्लेटची झिजलेली बोटं, चिरलेला रिलीज फोर्क. गाडी पावसाळाभर उभी राहिली असेल तर गंजाने प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. गिअरबॉक्स खाली आलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. मजुरी जास्त गिअरबॉक्स उतरवण्याचीच असते. थोडे पैसे वाचवायला जुनं बेअरिंग ठेवलं आणि चार महिन्यांनी ते ओरडायला लागलं, तर सगळं पुन्हा. त्याच वेळी इंजिनाचं मागचं ऑइल सील ओलं आहे का, इनपुट शाफ्टच्या खाचांवर प्लेट सहज सरकते का, हेही बघून घ्या.

सिंक्रोचं काम असेल तर मेकॅनिकला तीन गोष्टी विचारा. रिंग गिअरवर दाबून बसवल्यावर दोघांमध्ये फट किती राहते? ती फीलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजतात. छोट्या गाड्यांत नव्या रिंगला साधारण एक मिलिमीटर फट असते आणि अर्ध्या मिलिमीटरखाली आली की रिंग बाद. अंतिम आकडा कंपनीच्या मॅन्युअलचा. दुसरं, गिअरच्या बाजूचे छोटे दात टोकदार आहेत की बोथट? बराच काळ घासत चालवलेल्या गाडीत ते गोल झालेले असतात. नुसती रिंग घातली तर गिअर पुन्हा घासतो किंवा चालताना उडतो, म्हणजे आपोआप न्यूट्रलला येतो. तिसरं, स्लीव्ह आणि ती ज्यावर सरकते त्या हबचं काय? तेही झिजले असतील तर सोबतच बदलायचे. काढलेले जुने पार्ट मागून घ्या आणि नव्याशेजारी ठेवून बघा. जुन्या रिंगच्या आतल्या बारीक रेषा पुसलेल्या असतात, बोट फिरवलं तरी कळतं.

काम होईपर्यंत गाडी कशी चालवायची

झिजलेल्या सिंक्रोवर डबल क्लच करून गिअर शांतपणे पडतो. वर जाताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, पुन्हा दाबा आणि पुढचा गिअर टाका. खाली येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असतानाच थोडी रेस द्या, मग क्लच दाबून खालचा गिअर टाका. घाटात उतरताना दुसरा लावायचा असेल तर हे जमायलाच हवं, म्हणून आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर सराव करा. या रीतीने घासणं पूर्ण थांबलं, तर सिंक्रोच गेलाय याला आणखी एक पुरावा मिळाला.

घासणारा गिअर जोर लावून रेटू नका. आवाज आला की न्यूट्रलला या आणि पुन्हा टाका. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स नाही, आणि सिग्नलपाशी गाडी सरपटत असताना पहिला गिअर कोंबणं नाही. गिअर बदलून झाला की हात लिव्हरवरून काढा. हाताचं वजन आतल्या फोर्कवर आणि स्लीव्हवर पडत राहतं.

क्लच सेट नवा बसवला असेल तर पहिले काहीशे किलोमीटर चढावर क्लचवर गाडी धरून ठेवू नका, प्लेट बसायला वेळ द्या. केबलचा क्लच असेल तर याच काळात पेडलचा मोकळा प्रवास पुन्हा मोजा, तो बदललेला असू शकतो. गिअरबॉक्स उघडून रिंग बदलल्या असतील, तर हजारेक किलोमीटरनंतर एकदा ऑइल काढून त्यात नव्याने पितळ दिसतंय का ते बघा, आणि ताजं भरा.